टाक्यांची राखण

कुत्र्या-मांजरांची प्रजा मर्यादित राहावी म्हणून त्यांच्यावर जी शस्त्रक्रिया केली जाते, ती आता आपल्या गावांतूनही परिचयाची झाली आहे. पशुवैद्याचे काम थोड्या वेळात आटोपते. पुढील दोन आठवड्यांचे काम मात्र घरच्या माणसांचे असते. त्यात मुलांचा वाटा मोठा, कारण जनावर येऊन बसते ते त्यांच्याच अंथरुणाशी. म्हणून ही जखम पाहावी कशी, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

मादीच्या पोटावर, बहुधा बेंबीच्या खाली मध्यरेषेत छेद घेऊन अंडाशय आणि पुष्कळदा गर्भाशयही काढतात. मग पोट थराथराने शिवले जाते. आपल्याला दिसतात ते केवळ कातडीचे टाके; पोटातील आतड्यांचा भार ज्या शिवणीवर असतो, ती आत दडलेली असते. नराच्या शस्त्रक्रियेत सामान्यतः पोट उघडावे लागत नाही आणि बोक्याला तर अनेकदा टाकाही घालीत नाहीत. साहजिकच अधिक जपावे लागते ते मादीला.

जखम भरते कशी? प्रथम रक्त गोठून फट बुजते. एकदोन दिवसांत कातडीचा पातळ पापुद्रा दोन्ही कडांना सांधतो. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू व मृत कण दूर करतात, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून नवे तंतू विणले जाऊ लागतात. म्हणजे प्रारंभीच्या दिवसांत जखमेला स्वतःचे बळ जवळजवळ नसतेच. सारा भार दोऱ्यावर असतो. आणि गंमत अशी की, नेमक्या याच दिवसांत भुलीचा अंमल उतरून जनावर टवटवीत होते व गच्चीवर धाव घेऊ पाहते! ते खेळू लागले म्हणजे बरे झाले, असे समजणे धोक्याचे आहे. दहा ते चौदा दिवसांनी टाके काढतात, तेव्हाही कातडीत मूळच्या बळाचा अल्प अंशच परतलेला असतो. म्हणून तोपर्यंत धावणे, जिने चढणे, उड्या मारणे बंद. बाहेर न्यावयाचे ते दोरीने बांधून. स्नानही नाही.

जखम सकाळ-संध्याकाळ चांगल्या उजेडात, हात धुऊन पाहावी. बोटे मात्र लावू नयेत. पहिल्या दिवशी ती कशी दिसत होती, हे नीट लक्षात ठेवावे, कारण पुढची सारी पारख त्या तुलनेवर चालते. रोमन लेखक सेल्सस याने दोन हजार वर्षांपूर्वी दाहाची चार लक्षणे नोंदविली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. प्रारंभी ती थोडीशी असणारच. ती भरण्याच्या क्रियेचीच खूण होय. ती दिवसेंदिवस ओसरत गेली पाहिजेत. कमी होऊन पुन्हा वाढू लागली, तर वैद्याकडे जावे. रक्ताची संततधार, पू, दुर्गंधी, कडा उघडणे, छेदाखाली मऊ फुगवटा येणे, फिकट हिरड्या, वारंवार ओकारी, दिवस उलटूनही अन्नाला तोंड न लावणे, ही लक्षणे दिसताच सकाळची वाट पाहू नये. टाके सुटून आतील भाग बाहेर आला, तर तो आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून, जनावराला चाटू न देता, तत्काळ वैद्याकडे न्यावे.

कुत्र्याच्या चाटण्याने जखम बरी होते, हा समज आमच्याकडे फार जुना आहे. लाळेत जंतुनाशक अंश थोडासा असतो, हे खरे. परंतु तोंडात जंतू अगणित असतात, मांजरीच्या जिभेवर काटे असतात आणि पुढचे दात एका रात्रीत टाके उपसून काढतात. यासाठीच गळ्यात नरसाळ्यासारखे कडे घालतात. जनावर केविलवाणे पाहते, घरातील आजीला दया येते आणि कडे निघते. ही दया येथे आवरलीच पाहिजे.

हळदीविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि मिटलेल्या जखमेवर हळद, तेल वा स्पिरिट यांपैकी काहीही वैद्याला विचारल्यावाचून लावू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा प्राण घेऊ शकते.

टाके निघाल्यावर कापलेले केस हळूहळू वाढतात व रेघ झाकली जाते. सयामी मांजरीच्या बाबतीत एक मौज घडते: तिच्या केसांचा रंग कातडीच्या उष्णतेवर ठरतो; त्यामुळे केस काढल्याने गार पडलेल्या जागी नवे केस पुष्कळदा काळसर उगवतात. घरच्यांनी त्याने घाबरू नये. पुढे केस गळून नवे आले की, मूळचा रंग परत येतो.