भूक मारणारी गोळी घ्यावी का?

लग्नसराई जवळ आली की औषधाच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो: "भूक कमी करणारं काही आहे का हो?" विचारणारी कधी नवरी मुलगी असते, कधी बाळंतपणानंतर वजन न उतरलेली आई, तर कधी गुडघेदुखीने बेजार झालेले साठीतले काका. तिघांचा प्रश्न एकच असला तरी उत्तर एक नाही, आणि काउंटरवर उभ्या उभ्या देण्यासारखं तर मुळीच नाही. भूक मारणाऱ्या औषधांचा इतिहास जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे. तो ठाऊक झाल्याशिवाय कोणी अशी गोळी तोंडात टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात अँफेटामिनपासून झाली. हे रसायन 1887 मध्ये बर्लिनला तयार झालं आणि 1930 च्या दशकात अमेरिकेत चोंदलेलं नाक मोकळं करायला विकलं जाऊ लागलं. ते घेणाऱ्यांची झोप उडे, अंगात हुशारी येई आणि अन्नावरची वासना जाई. मग त्याच्या गोळ्या वजनासाठी दिल्या जाऊ लागल्या. त्यांचं व्यसन लागतं, हे कळूनही त्या थांबल्या नाहीत. 1960 च्या दशकात तर अमेरिकेत वजन उतरवण्याच्या दवाखान्यांतून रंगीबेरंगी गोळ्यांची पुडकी मिळत. त्यांत भुकेसाठी अँफेटामिन, शरीराची भट्टी पेटती ठेवायला थायरॉइडचं औषध, अंगातलं पाणी काढायला लघवीची गोळी आणि जोडीला हृदयाचं औषध डिजिटॅलिस असे. धडधाकट बायका हे सगळं एकत्र गिळत होत्या आणि त्यात काहींचे जीव गेले. याच दशकात युरोपात अमिनोरेक्स हे भूक मारणारं नवं औषध आलं. 1965 मध्ये ते बाजारात आलं आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब जीवघेणा वाढतो, हे दिसल्यावर 1968 मध्ये परत घ्यावं लागलं.

यानंतरची फेन-फेनची हकिगत मात्र सविस्तर सांगायला हवी.

फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही दोन्ही औषधं अमेरिकेत वेगवेगळी मंजूर झालेली होती. 1992 मध्ये त्यांच्या एकत्रित वापराचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि डॉक्टर ती ‘फेन-फेन’ म्हणून जोडीने लिहून देऊ लागले. जोडी म्हणून त्यांना सरकारी मंजुरी कधीच नव्हती, तरी लाखो लोकांनी ती घेतली. पुढे नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात टू-डी इको काढणाऱ्या एका तंत्रज्ञ महिलेला पडद्यावर काहीतरी वावगं दिसू लागलं. तरुण बायकांच्या हृदयाच्या झडपा जाड झालेल्या, नीट मिटत नसलेल्या, आणि रक्त उलटं गळत असलेलं. अशा झडपा एरवी फार वेगळ्या आजारांत दिसतात. या बायकांमध्ये समान धागा एकच होता, फेन-फेन. तिने नोंदी ठेवल्या, डॉक्टरांपुढे मांडल्या आणि प्रकरण मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या नामांकित रुग्णालयापर्यंत गेलं. जुलै 1997 मध्ये मेयोच्या डॉक्टरांनी 24 स्त्रियांचा अहवाल जाहीर केला. त्यांनी ही औषधं सरासरी वर्षभरच घेतली होती आणि त्यांतल्या पाच जणींवर हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली होती. उघडलेल्या हृदयात सर्जनना झडपांवर चकाकता पांढरा थर दिसला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून काढून घेण्यात आलं.

पोटाची भूक मारणारं औषध हृदयाच्या झडपेवर कसं गेलं? फेनफ्लुरामिन मेंदूत सेरोटोनिन या निरोप्या रसायनाचा जोर वाढवतं आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. पण सेरोटोनिनचे संदेश घेणाऱ्या पेशी फक्त मेंदूत नसतात. झडपांवरही त्या असतात, आणि शरीरात फेनफ्लुरामिनपासून तयार होणारा पदार्थ त्यांना सतत चेतवत राहिला की तिथल्या पेशी वाढत जातात. एकाच किल्लीने घरातली चार कुलपं उघडावीत, तसा हा प्रकार आहे. निसर्गाने भुकेसाठी स्वतंत्र रसायन राखून ठेवलेलं नाही. जी रसायनं भूक चालवतात, तीच झोप, मनःस्थिती, रक्तदाब आणि नाडीही सांभाळतात. म्हणूनच भुकेवर हात घालणाऱ्या जुन्या औषधांपैकी बहुतेक पुढे हृदयात, फुप्फुसात किंवा मनात उपद्रव करताना सापडली.

आणि तरीही फ्रान्समध्ये बेनफ्लुओरेक्स हे औषध विकलं जातच राहिलं. शरीरात गेल्यावर त्यातूनही फेनफ्लुरामिनसारखाच, झडपांना चेतवणारा तो पदार्थ तयार होतो. कागदोपत्री ते मधुमेहींसाठी होतं, पण वजनासाठी सर्रास दिलं जाई. ब्रेस्ट शहरातल्या फुप्फुसतज्ज्ञ डॉ. इरेन फ्राशों यांनी रुग्णांमागून रुग्ण तपासून हे औषध आणि झडपांचा बिघाड यांचा संबंध दाखवला, कंपनीशी झुंज दिली आणि 2009 मध्ये ते बंद झालं. 1976 पासून सुमारे पन्नास लाख फ्रेंच लोकांनी ते घेतलं होतं. 2021 मध्ये न्यायालयाने सर्व्हिये या कंपनीला दोषी ठरवलं.

रिमोनाबांटची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. भांग घेतल्यावर खा-खा सुटते, हे आपल्याकडे होळीला पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलंय. भांग मेंदूतल्या ज्या जागी काम करते, ती जागाच बंद केली तर भूक मंदावेल, या विचारातून हे औषध बनलं. भूक मंदावली खरी, पण उमेदही गेली. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्याचं दिसून आल्यावर युरोपने 2008 मध्ये त्याची विक्री थांबवली. भारताने डिसेंबर 2009 मध्ये त्यावर बंदी घातली.

सिब्युट्रामिन हे भूक कमी करणारं औषध तर आपल्याकडच्या दुकानांत अनेक वर्षं मिळत होतं. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर त्याची मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू असं काही ना काही गोळी घेणाऱ्यांपैकी 11.4 टक्के लोकांना झालं, खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. शेकड्यामागे एखाद-दुसरा माणूस, असं म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण वजन उतरवायचं ते हृदय वाचवण्यासाठीच. भारतात 10 फेब्रुवारी 2011 रोजी त्यावर बंदी आली.

बंदी आली म्हणून ते संपलं मात्र नाही. ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग कॅप्सूल, चहा आणि कॉफीच्या पुड्यांत अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वर्षानुवर्षं चोरून मिसळलेलं सिब्युट्रामिन सापडत आलंय. म्हणून एखाद्या चूर्णाने आठ दिवसांत भूक एकदम मेली, छातीत धडधडू लागलं, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, तर वनस्पतीचा गुण म्हणून खूश होऊ नका. आपल्याकडे 1954 पासून एक कायदा आहे, औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना मनाई करणारा. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. ‘महिन्यात दहा किलो, खात्रीने’ असं छापणारा माणूस पहिल्या ओळीतच कायदा मोडत असतो. त्याच्या पुडीवर विश्वास कसा ठेवायचा?

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग मनावर ताबा ठेवावा, दोन घास कमी खावेत, संपलं. लठ्ठ माणसाला आयुष्यभर हेच ऐकवलं जातं, आणि त्यात अन्याय आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी 50 जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं. पण वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तात भूक लावणारं घ्रेलिन वाढलेलं होतं आणि तृप्ती देणारी संप्रेरकं घटलेली होती. 2011 मध्ये हे प्रसिद्ध झालं. वजन घटवलेलं शरीर वर्षानंतरही गेलेली चरबी परत मागत असतं. डाएट मोडलं की ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता नव्या औषधांकडे येऊ. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात आपल्या आतड्यातल्या जीएलपी-1 या तृप्ती देणाऱ्या संप्रेरकासारखा पदार्थ डॉ. जॉन एंग यांना 1990 च्या सुमारास सापडला. त्यातून मधुमेहाचं औषध आलं, आणि याच घराण्यात पुढे सेमाग्लुटाइड आलं. भारतात त्याची गोळी 2022 पासून मधुमेहासाठी मिळते. वजनासाठीची इंजेक्शनं 2025 मध्ये आली, मार्चमध्ये याच घराण्यातलं मौंजारो आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइडचंच वेगोवी. सेमाग्लुटाइडच्या मुख्य पेटंटची इथली मुदत मार्च 2026 पर्यंतचीच, त्यामुळे पुढे देशी कंपन्यांना वाट मोकळी.

ही औषधं जुन्यांपेक्षा खरोखर वेगळी आहेत. 1,961 जणांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. त्याहून मोलाचं म्हणजे, आधीच हृदयविकार असलेल्या 17,604 लोकांत झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे मृत्यू यांचं प्रमाण 20 टक्क्यांनी घटलं. जिथे सिब्युट्रामिन हरलं, तिथेच हे जिंकलं. पण मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठता हा नेहमीचा त्रास आहेच. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. गरोदरपणात हे चालत नाही, आणि मूल हवं असेल तर दोन महिने आधी ते थांबवावं लागतं. लग्नाआधी घेऊ पाहणाऱ्या मुलींनी हे विसरू नये. शिवाय औषध थांबलं की भूक परतते. चाचणीनंतर वर्षभरात लोकांचं उतरलेलं वजन दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे बीपीच्या गोळीप्रमाणे हे वर्षानुवर्षं चालवायचं औषध आहे, आणि सुरू करण्यापूर्वी तेवढ्या खर्चाची तयारी हवी.

आपल्यासाठी आणखी एक मोठी काळजी स्नायूंची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. आपण दिसायला बारीक असलो तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे त्या एका चित्राने जगाला दाखवलं. भूक मेली की माणूस आधी डाळ, उसळ, अंडी सोडतो आणि चहा-बिस्किटावर दिवस काढतो. मग चरबीबरोबर मुळात थोडे असलेले स्नायूही जातात. औषध चालू असताना ताटात प्रथिनं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम नसेल, तर काट्यावरचा आकडा उतरूनही माणूस दुबळा होतो.

तर माझं मत असं. बीएमआय 30 च्या वर असेल, किंवा 27 च्या वर असून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जोडीला असेल, तर डॉक्टरांनी सुचवलेलं नवं औषध जरूर घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गुडघ्यांवर चढलेला भार उतरवायला साठीतल्या काकांना त्याचा खरा उपयोग होईल. पाच किलो शालूसाठी कमी करायचे असतील, तर घेऊ नका. अंगावर पाजणाऱ्या आईने भूक मारण्याचा विचारही करू नये, तिला त्या भुकेची गरज आहे. आणि घरात कोणाकडे भूक मारणारी बिननावाची पुडी किंवा कॅप्सूल असेल, तर ती घेणं आजच थांबवायला सांगा आणि डब्यासकट डॉक्टरांना दाखवा. आधीपासून छातीत धडधड होत असेल तर ईसीजी काढून घ्या.