शेजाऱ्यांचा धर्म

चैत्र पौर्णिमा आली की डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर गर्दी वाढते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाजवळ विवळवेढे गावी महालक्ष्मीची यात्रा भरते. ती सुमारे पंधरा दिवस चालते. ही गर्दी तुमच्यापैकी अनेकांनी बसच्या खिडकीतून पाहिली असेल.

या दिवसांत मुले वर्गात हमखास दोन प्रश्न विचारतात. हिंदूंचा पैगंबर कोण? आणि त्यांचा मुख्य ग्रंथ कोणता? प्रश्न साहजिक आहेत. पण ते आपल्या घरातून आलेले आहेत. एक अल्लाह, शेवटचे पैगंबर आणि कुराण ही आपल्या धर्माची ओळख. तेच माप घेऊन निघालो, तर शेजारच्या धर्माचे अर्धे अंग मापाबाहेर राहते.

हिंदू धर्माला कोणी एक संस्थापक नाही. 'हिंदू' हे नावही मुळात धर्माचे नव्हते. सिंधू नदीला प्राचीन इराणी लोक 'हिंदू' म्हणत, कारण त्यांच्या भाषेत 'स'चा 'ह' होई. मराठी 'सप्ताह' आणि उर्दू 'हफ्ता' शेजारी ठेवून पाहा, म्हणजे हा बदल ध्यानात येईल. नदीचे नाव आधी देशाला, मग तेथील लोकांना आणि पुढे त्यांच्या धर्माला मिळाले.

ग्रंथ मात्र पुष्कळ आहेत. वेद सर्वांत जुने. त्यांच्याशी जोडलेली उपनिषदे, नंतर रामायण, महाभारत, त्यातली भगवद्गीता आणि पुराणे. बादशहा शहाजहानचा मुलगा दारा शुकोह याने १६५७ साली सुमारे पन्नास उपनिषदे फारसीत आणली. त्या ग्रंथाला त्याने 'सिर्र-ए-अकबर', म्हणजे सर्वांत मोठे रहस्य, असे नाव दिले. हे रहस्य थोडक्यात असे : सर्व विश्वाच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, त्याला ब्रह्म म्हणतात. प्रत्येक जिवाच्या ठायी आत्मा आहे. आत्मा आणि ब्रह्म एकच की वेगळे, यावर मोठे वाद झाले. शंकराचार्य म्हणाले, एकच. मध्वाचार्य म्हणाले, वेगळे. तरी दोघेही हिंदूंचे आचार्यच राहिले. मला या धर्माची ही गोष्ट सर्वांत लक्षणीय वाटते.

बहुतेक हिंदू मानतात, की मरणानंतर आत्मा दुसरा देह घेतो. उर्दूत यालाच तनासुख म्हणतात. माणूस जसे कर्म करील तसे फळ त्याला या किंवा पुढच्या जन्मी मिळते. जन्ममरणाच्या या फेऱ्यातून कायमची सुटका म्हणजे मोक्ष. त्यासाठी ज्ञान, कर्म आणि भक्ती असे मार्ग सांगितले आहेत. आपण मृत्यूनंतर पुन्हा या जगात जन्म मानत नाही, कयामतचा दिवस मानतो. हा फरक आहे, तो लपविण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात भक्तीचा मार्ग अधिक रुळला. पंढरपूरची वारी तुम्हांला ठाऊक आहेच. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनीही 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि मराठी संतांत त्यांना मानाचे स्थान मिळाले.

मूर्तीविषयी मुलांच्या मनात बरेच गैरसमज असतात. गणेश चतुर्थीला मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतात, म्हणजे देवाने येथे येऊन राहावे अशी विनंती करतात. पुढे निरोप देऊन मूर्ती पाण्यात सोडतात. मातीलाच देव मानले असते, तर ती कोणी पाण्यात सोडली असती का? शिवाय मूर्तिपूजा न मानणारे हिंदूही आहेत. स्वामी दयानंदांनी १८७५ साली मुंबईत स्थापन केलेला आर्य समाज मूर्तिपूजा नाकारतो.

मग हिंदू कोणाला म्हणावे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. १९६६ च्या निकालात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी नमूद केले, की हा धर्म एकच प्रेषित, एकच देव किंवा एकच मत मानत नाही. ती एक जीवनपद्धती म्हणता येईल. त्यासाठी त्यांनी लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला. वेदांना प्रमाण मानणे, साधने अनेक असणे आणि कोणाची उपासना करावी याचा ठरीव नियम नसणे, अशी ती व्याख्या आहे.

या जीवनपद्धतीत जातींची उतरंडही होती. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून दलितांना १९३० साली सत्याग्रह करावा लागला. त्याचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५६ साली नागपूरला बौद्ध धर्म स्वीकारला.

आता पुन्हा विवळवेढ्याला येऊ. महालक्ष्मीचे मूळ ठाणे डोंगरावर आहे. एका गर्भवती भक्त स्त्रीला चढण सोसेना, म्हणून देवीच पायथ्याशी आली, अशी कथा सांगतात. चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री त्या डोंगरावर ध्वज लावला जातो. हा मान ब्राह्मणाचा नव्हे, वाघाडी गावच्या आदिवासी पुजाऱ्याचा आहे.

वारली लोक महालक्ष्मीला जातात, तसे त्यांचे स्वतःचे देवही आहेत. नारनदेव पावसाचा, कणसरी धान्याची. वाघोबाचे लाकडी खांब पाड्यांजवळ दिसतात. त्यांवर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. वाघबारशीला त्याची पूजा होते. लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्यात पालघट देवी बसवतात. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असते. ती गाणी म्हणत विधी करते.

हे लोक हिंदू की त्यांचा धर्म निराळा? डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले. अनेकांना ते पटले नाही, आणि 'मागासलेले' हा शब्द मलाही पटत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा तर केंद्र सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे धवलेरीने लावलेले लग्न जमातीच्या रूढीनुसार पाहिले जाते. आज काही वारली स्वतःला हिंदू म्हणवतात, काही केवळ आदिवासी, तर काही ख्रिस्ती झाले आहेत. एकाच पाड्यावर ही तिन्ही उत्तरे मिळू शकतात. तेथे कोणी मित्र असेल, तर त्याच्या वतीने आपण उत्तर देऊ नये. त्यालाच विचारावे, आणि वाघोबाचा खांब दाखवायलाही सांगावे.