वसाहतकाळातील लोहारकाम : ऐरणीपासून रेल्वे कारखान्यापर्यंत

इंग्रजी अमदानीत कोकणातील खेड्यांत लोहार हा बलुतेदार होता. नांगराचा फाळ शेवटणे, विळे, कोयते व कुऱ्हाडी घडविणे ही त्याची कामे. मोबदला म्हणून सुगीला खळ्यावर धान्य मिळे. कातडी भात्याने कोळशाची भट्टी फुलवायची, लाल झालेले लोखंड सांडशीने ऐरणीवर धरायचे, घणाने ठोकायचे आणि शेवटी धारेला पाणी पाजायचे, असा कामाचा क्रम असे. भाता ओढणे, घण मारणे ही कष्टाची कामे पुष्कळदा घरातील स्त्रिया करीत. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून प्रसरण पावली की ती चाकावर बसवीत व पाणी ओतीत. आकसलेली धाव चाकाला घट्ट आवळून धरी.

भात्याच्या कातड्यामागे मेलेली जनावरे ओढणाऱ्या महारांचे व कातडे कमावणाऱ्या ढोरांचे श्रम होते. गावाला ते कातडे चाले. ते पुरविणाऱ्यांचा स्पर्श मात्र चालत नसे.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ मध्ये ठाण्याची खाडी ओलांडून लोहमार्ग कळव्यावरून कल्याणला पोहोचला. स्वस्त विलायती लोखंड खेडोपाडी येऊ लागले आणि देशी लोखंड गाळण्याचा धंदा मागे पडला. अवजारे घडविणारा व दुरुस्त करणारा लोहार मात्र टिकला. जी.आय.पी. रेल्वेचे परळ येथे १८७९ मध्ये व माटुंग्यास १९१५ मध्ये कारखाने उभे राहिले. तेथे यंत्रे आली आणि बलुत्याऐवजी रोख पगार आला.

रोख पगाराने जातीची भिंत पडेल, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु १९३८ मध्ये मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वास्तव मांडले. आपली माणसे बहुतांशी गँगमन म्हणूनच राबत होती. कारखान्यातील कुशल कारागिराच्या जागा त्यांना जवळजवळ बंद होत्या. रूळ उचलण्यास जे हात चालत, ते यंत्रावर चालत नव्हते.

आज कळव्यातच लोकलगाड्यांची देखभाल करणारी कारशेड आहे. तेथील तंत्रज्ञाच्या जागेसाठी आपल्या वसतिगृहातील मुलगा अर्ज करू शकतो, मुलगीही करू शकते. केवळ यंत्र आल्याने हे दार उघडले नाही. ते संघर्षाने व संविधानाने उघडले. त्यातून आत जाण्यासाठी लागणारे कौशल्य मुलांच्या हाती देणे, हे शाळेचे आणि पालकांचे काम आहे.