पेलाभर पाण्याचं घड्याळ

भात झाला हे राइस कुकरला कळतं कसं, या प्रश्नाने मला कित्येक वर्षं पछाडलं आहे. उत्तर तसं सोपं. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. तांदळाने पाणी पिऊन टाकलं की तळ झपाट्याने तापतो, आणि तेवढ्यात खटका पडून वीज तुटते.

पाणी संपण्याचा हा संकेत वापरात यायला मात्र 1955 उजाडलं. मित्सुबिशीने 1945 मध्ये काढलेलं विजेचं भांडं म्हणजे भांड्याला जोडलेली तार. राखणीला बसायचं बाईनेच. सोनीच्या संस्थापकांची विजेवर भात शिजवणारी लाकडी बादली तर भात कधी कच्चा ठेवी, कधी गिच्च करी.

जपानी चुलीचं, म्हणजे कामादोचं, काम कसबाचं होतं. तिच्यात हागामा हे गोल बुडाचं भांडं कडेच्या पट्टीवर टेकून बसे, वर जड लाकडी झाकण. आधी मंद, मग मोठा जाळ, नंतर वाफेत मुरवण. हे सारं पहाटे उठून. तोशिबाचे यामादा शोगो धुलाई यंत्रं विकताना बायकांना विचारत, सर्वांत जिवावर येणारं काम कोणतं? उत्तर येई, भात. कंपनीतल्या पुरुषांनी मात्र नाकं मुरडली. झोपेत भात शिजवू पाहणारी बाई त्यांच्या लेखी आळशी होती. पहाटेच्या चुलीपाशी यांतले किती जण बसले होते, हे वेगळं सांगायला नको.

तरीही यामादांनी आपोआप भात शिजवणाऱ्या कुकरचं काम सोपवलं मिनामी योशितादा या छोट्या कारखानदाराकडे. पण खरी संशोधक त्यांची पत्नी फुमिको. चुलीवर आणि विजेवर भात शिजवत त्या तापमान टिपत राहिल्या. उकळी आल्यावर सुमारे 98 अंशांवर 20 मिनिटं ठेवला तर भात नीट शिजतो. पुढे तळ करपतो. मग 20 मिनिटं मोजायची कशी? युक्ती निघाली दुहेरी भांड्याची. बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी घालायचं, ते आटायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पाणी संपलं की उष्णता वाढते, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज बंद.

पण थंडीत हिशेब चुकू लागला. फुमिकोबाईंनी कडाक्याच्या थंडीतही भात लावून पाहिला आणि रणरणत्या उन्हातही. शेवटी मधे हवेचे थर असलेली तिहेरी रचना ठरली. डिसेंबर 1955 मध्ये तोशिबाचा कुकर 3,200 येनला बाजारात आला आणि चार-पाच वर्षांत निम्म्या जपानी घरांत पोहोचला. फुमिकोबाईंची प्रकृती मात्र ढासळत गेली. 1959 मध्ये, वयाच्या 45व्या वर्षी, त्या गेल्या.

आपल्या प्रेशर कुकरातही तळाला पाणी आणि वर डबे असतात, पण शिट्ट्या मोजायला माणूस लागतो. तोशिबाने नेमकं तेच काम पाण्यावर सोपवलं. पुढे तळाला टेकणारा चुंबकी खटका आला आणि पेला बाद झाला. तैवानच्या तातुंग कुकरात मात्र तो 1960 पासून आजही चालतो. जपानमधले महागडे कुकर आता जाड लोखंडाची, मातीची भांडी वापरून चुलीच्याच भाताची नक्कल करतात. चवीत हागामा अजून सरस, असं मानणारे तिथे पुष्कळ आहेत आणि मला ते पटतं. पण ती चव पहाटे उठणाऱ्या बाईच्या झोपेतून येत होती. म्हणून राइस कुकरच्या इतिहासात तोशिबाच्या आधी मिनामी फुमिको हे नाव यायला हवं.