घाटातला ब्रेक आणि अंगातला ब्रेक

खंडाळ्याचा घाट उतरून कर्जतला येणारी गाडी तुम्ही कर्जत-खालापूरकर मंडळी रोजच पाहता. ती घाट उतरते ती ब्रेकच्या भरवशावर. वाचकहो, असाच एक ब्रेक आपल्या रक्तातही आहे.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्यांतल्या टी पेशी रोगट पेशी हेरून मारतात. पण राखणदार चेकाळला तर घरच्यांवरच उठायचा! म्हणून त्यांच्या अंगावर खिट्टीसारखे काही रेणू असतात. समोरच्या पेशीने खिट्टी दाबली की टी पेशी शांत होते. ‘पीडी-१’ ही त्यांतलीच एक. ती १९९२ साली जपानात तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडली. २०१८ चे नोबेल त्यांना आणि अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांना याच कामाबद्दल मिळाले.

कॅन्सरची गाठ मोठी लबाड. ती हाच ब्रेक दाबून धरते, आणि राखणदार उशाशी असून हात बांधून बसतो. निवोलुमॅब नावाचे इंजेक्शन ही खिट्टी झाकून टाकते. ब्रेक सुटतो.

अडचण पैशाची. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. शेत विकूनही पुरे पडू नये असा खर्च! परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मग तोंडाच्या व घशाच्या, फार पुढे गेलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांना स्वस्तातल्या गोळ्या. उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम इंजेक्शन. निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवरचे शंभरात सुमारे १६ हयात, तर इंजेक्शनवाले ४३. रोग मुळापासून गेला असे नव्हे. छोटी मात्रा मोठीइतकीच गुणकारी का, हेही यात तपासले नव्हते. तरी शंभरामागे २७ माणसे म्हणजे थोडी नव्हेत.

ब्रेक सुटला की राखणदार आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉईडवरही उठू शकतो. जुलाब थांबेनात, धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांना लगेच कळवा.

मिश्री-तंबाखू असलेल्या घरात तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर आधी तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा. लवकर सापडलेली गाठ बहुधा शस्त्रक्रियेने निघते.

टाटाला जायची वेळ आलीच तर तपासणीचे सगळे जुने कागद आणि रेशनकार्ड बरोबर घ्या. छोट्या मात्रेबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. खर्चाला कुठली मदत मिळेल, हे तिथल्या समाजसेवा विभागात कळते.