न घडलेल्या अपघाताचा हिशेब

रेल्वेमार्गाच्या देखभालीवर देखरेख करणाऱ्या ज्या माणसाला पूर्वी ‘पर्मनंट वे इन्स्पेक्टर’ म्हणत, तो आज सीनिअर सेक्शन इंजिनिअर म्हणवला जातो. हुद्दा भारदस्त झाला. काम तेच राहिले. ज्युनिअर इंजिनिअर म्हणून या कामात थेट शिरायचे तर स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका लागते. परंतु रुळाची नाडी ओळखण्यास पदविका पुरत नाही. उन्हाळ्यात सलग जोडलेले रूळ प्रसरण पावू पाहतात आणि खडीची पकड सैल असेल तर बाजूला वाकतात. थंडीत आकसून तडकतात. म्हणून खडीला हात लावण्यापूर्वी रुळाचे तापमान पाहावे लागते.

या कामासाठी गाड्या थांबवून वेळ, म्हणजे ‘ब्लॉक’, मिळावा लागतो, आणि खरी टंचाई तेथेच आहे. खोळंबलेल्या मालगाडीचे नुकसान रुपयांत मोजता येते. टळलेला अपघात मात्र कोणत्याच खातेवहीत जमा होत नाही. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक वर्गात लाभ-व्ययाची कोष्टके मांडतो, त्यांतही या लाभाचा रकाना बहुधा कोराच राहतो. महालेखापरीक्षकांच्या 2022 च्या अहवालाने मार्गमापन गाड्यांच्या तपासणीत 30 ते 100 टक्के तूट नोंदवली, यात मग नवल ते काय?

दोन तासांचा ब्लॉक मागून एकच तास पदरी पडला, तर काम अर्धवट राहते. पुढची गाडी पूर्ण वेगाने सोडावी की वेगमर्यादेचा फलक लावावा, हे मात्र त्यालाच ठरवावे लागते.