चारी चाकांना जोर असलेला लहान ट्रॅक्टर: कोणी घ्यावा, कोणी थांबावे

ऊस कारखान्याला गेला, सोयाबीनचे पैसे हाती पडले, की पारावर एक विषय हमखास निघतो. "यंदा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय." ऐकणारा लगेच विचारतो, "किती एचपीचा?" आणि शेजारी बसलेला सल्ला देतो, "घ्यायचाच तर फोर बाय फोर घे बाबा, रुतायची भीती नाही." एवढ्या बोलण्यावर पाच-सहा लाखांचा व्यवहार ठरतो, जमिनीवर बोजा चढतो आणि पुढची पाच-सात वर्षे सहामाही हप्ता दारात उभा राहतो. म्हणून वीस ते तीस अश्वशक्तीच्या, चारी चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरचा आज थोडा खोलात जाऊन विचार करू या. कंपन्यांची नावे मी घेणार नाही. रेडिओवर तशी रीत नाही, आणि खरे म्हणजे नाव ही सर्वांत शेवटी विचारायची गोष्ट आहे.

फोर बाय फोर म्हणजे नेमके काय? साध्या ट्रॅक्टरला इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना मिळतो. पुढची लहान चाके नुसती दिशा देतात, ढकलली जातात. चारी चाकांच्या ट्रॅक्टरमध्ये एका दांड्याने पुढचा आसही इंजिनाला जोडता येतो. त्याच्या पुढच्या टायरना मागच्यासारख्याच जाड नक्ष्या असतात. आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. याने इंजिनाची ताकद एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. चोवीसचे इंजिन चोवीसच राहते. वाढते ती जमिनीवरची पकड. ज्याच्या शेतात ताकद आहे पण पकड सुटते, त्याला याचा उपयोग. ज्याची ताकदच कमी पडते, त्याने वरचे पैसे पकडीवर घालून काही साधत नाही.

आपली पकड सुटते का, हे अंदाजाने सांगू नका. मोजा. त्याला यंत्र लागत नाही, खडू आणि टेप पुरते. भाड्याचा किंवा पाहुण्याचा ट्रॅक्टर आपल्या शेतात आणा. मागच्या टायरवर खडूने एक उभी खूण करा. प्रथम औजार उचलून ट्रॅक्टर सरळ चालवा आणि चाकाचे दहा फेरे होईपर्यंत किती अंतर तुटले ते मोजा. मग त्याच रानात नांगर नेहमीच्या खोलीवर लावून पुन्हा दहा फेरे मोजा. समजा पहिल्यांदा ३० मीटर भरले आणि दुसऱ्यांदा २५.५ मीटर. साडेचार मीटर चाक जागच्या जागी घसरले, म्हणजे शेकडा १५. नांगरलेल्या रानात शेकडा दहा-पंधरापर्यंतची घसर चालते. थोडी घसर तर लागतेच, नाहीतर गिअरांवर ताण येतो. पण आकडा वीस-पंचवीसच्या पुढे गेला, तर डिझेल आणि टायर दोन्ही मातीत चालले असे समजा. शाळेतील गुरुजींना माझी विनंती आहे की शेकडेवारीचा धडा आला म्हणजे मुलांना घेऊन एकदा हा प्रयोग रानात करून दाखवावा. मुले घरी जाऊन बापाला हिशेब विचारतील, आणि ते बरेच होईल.

घसर जास्त निघाली तरी लगेच फोर बाय फोरकडे धावू नका. मागच्या चाकांना बिडाची वजने लावता येतात, टायरमध्ये पाणी भरता येते, झिजलेला टायर बदलता येतो. पुष्कळदा रान वाफशावर यायच्या आधीच आपण आत शिरलेले असतो, आणि दोन दिवस थांबणे हाच उपाय असतो. त्याला एक पैसा लागत नाही.

आणखी एक गंमत सांगतो, जी विक्रेता सहसा सांगत नाही. नांगर, मोगडा, भरलेली ट्रॉली ही ओढायची कामे आहेत. तिथे पकड लागते. रोटाव्हेटरचे तसे नाही. नेहमीच्या रोटाव्हेटरची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात आणि माती मागे फेकताना ट्रॅक्टरला उलट पुढे रेटतात. तेव्हा कोरड्या, वाफशावरच्या रानात ज्याचे मुख्य काम रोटरचे आहे, त्याला चारी चाकांच्या जोरापेक्षा पीटीओची ताकद महत्त्वाची. इंजिनाची अश्वशक्ती पाटीवर मोठ्या अक्षरांत असते, पण रोटर, फवारणी यंत्र, मळणी यंत्र यांना मिळते ती पीटीओची अश्वशक्ती, आणि ती बरीच कमी असते. चोवीसच्या इंजिनाला पीटीओवर वीस-एकवीस मिळाली तर ठीक. एवढ्यावर तीन ते चार फुटी रोटर चालतो. भारी काळ्या रानात पाच फुटी लावून ट्रॅक्टरला धाप लावू नये.

मग चारी चाकांचा जोर खरा कुठे कामी येतो? जिथे वाफशाची वाट पाहता येत नाही तिथे. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. ऑक्टोबरची छाटणी झालेली असते, कोवळी फूट निघालेली असते, आणि परतीचा पाऊस येऊन बसतो. केवडा रोग वाफसा बघून येत नाही. सकाळी चिखल असला तरी पाण्याने भरलेली टाकी घेऊन ओळीत शिरावेच लागते. साधा हलका ट्रॅक्टर तिथे चाक फिरवत बसतो, ओळीत खड्डे पाडतो आणि कधी वेलीच्या तारेवर जाऊन आदळतो. बागेत मोठा ट्रॅक्टर मावत नाही. एक मीटरच्या आसपास रुंदीचा लहान ट्रॅक्टर लागतो, आणि लहान म्हणजे हलका, हलका म्हणजे पकड कमी. ती उणीव पुढची चाके भरून काढतात. अशा बागायतदाराची एक फवारणी वेळेवर झाली तर वरच्या पैशांचा मोठा भाग वसूल झाला समजावे.

दुसरी जागा कोकणातील भातखाचरांची. चिखलणीच्या वेळी तळाशी घट्ट थर लागेपर्यंत चाके खाली जातात. तिथे पुढच्या चाकांनी ओढ दिली तर ट्रॅक्टर चालता राहतो. मात्र चिखलणीचा हंगाम संपला की पुढच्या आसाचे तेल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरे दिसले तर आत पाणी गेले आहे. सील बदलून नवे तेल भरल्याशिवाय ट्रॅक्टर बाहेर काढू नये. तिसरी जागा चढउताराच्या रानाची. बहुतेक लहान ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत जातो. कच्च्या उतारावर पुढचा आस जोडलेला असेल तर तोच ब्रेक पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वी जोडावा, मध्यावर गेल्यावर नव्हे.

आणि कोणी थांबावे? मराठवाडा-विदर्भात दहा एकर कोरडवाहू, कापूस-सोयाबीन, सपाट रान. तिथे या ट्रॅक्टरचा मोह आवरलेला बरा. भारी काळ्या जमिनीची पलटी नांगराने खोल नांगरट चोवीसच्या ट्रॅक्टरला झेपत नाही. त्यासाठी पंचेचाळीस-पन्नासचा भाड्याने आणावाच लागणार. मग घरच्याला काम काय उरले? दोन वेळा रोटर, थोडी कोळपणी, थोडी वाहतूक.

इथे जरा तासांचा हिशेब मांडू. चार फुटी रोटरला एकराला साधारण दीड तास लागतो. दहा एकरांना दोन पाळ्या म्हणजे तीस तास. उलट चार एकर द्राक्षबाग, हंगामात चाळीस फवारण्या आणि एकराला पाऊण तास धरला, तर नुसत्या फवारणीचेच एकशेवीस तास होतात. आता समजा ट्रॅक्टर सहा लाखांना घेतला आणि दहा वर्षांनी दीड लाखाला विकला. घसारा वर्षाला ४५ हजार. सरासरी पावणेचार लाख रुपये अडकून राहिले. दहा टक्क्यांनी त्याचे व्याज साडेसदतीस हजार. विमा, निवारा यांचे साडेसात हजार धरा. झाले नव्वद हजार. ट्रॅक्टर दारात नुसता उभा असला तरी एवढे जाणारच. वर्षाला ४५० तास चालला तर तासाला दोनशे रुपये पडतात. १५० तास चालला तर सहाशे. अजून त्यात डिझेल नाही, चालक नाही, दुरुस्ती नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत; तुम्ही आपले घाला आणि गावातील भाड्याच्या दराशेजारी ठेवून पाहा. "भाऊ, दुसऱ्यांच्या शेतात चालवीन की," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. चालवा, पण गावात आधीच किती ट्रॅक्टर भाड्याने फिरतात ते मोजून घ्या, आणि उधारी वसूल करण्याचा स्वभाव आपला आहे का, हेही.

हिशेब बसत असेल तर पुढे जा. विक्रेत्याकडून त्याच ताकदीच्या साध्या आणि चारी चाकांच्या, अशा दोन्ही ट्रॅक्टरचे भाव लेखी घ्या. दोहोंतील फरक ही तुमच्या पकडीची किंमत. शेती ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. तो बिलात तसाच लागला आहे का ते पाहा. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर परीक्षणाची संस्था आहे. १९५५ साली ती सुरू झाली. तिच्या परीक्षण अहवालात पीटीओवर प्रत्यक्ष मिळालेली ताकद, डिझेलचा खप आणि ओढण्याची क्षमता यांचे आकडे असतात. विक्रेत्याला सरळ म्हणा, "साहेब, बुदनीचा रिपोर्ट दाखवा." नुसत्या प्रश्नानेच बोलण्याचा सूर बदलतो.

टायरबद्दल सांगणे भाग आहे. चारी चाकांच्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके मागच्यापेक्षा किंचित जास्त धाव घेतील असे गिअर बसवलेले असतात. मातीत तो फरक खपून जातो. डांबरी रस्त्यावर खपत नाही. पुढचे टायर घासले जातात आणि आसाचे दाते ताणतात. म्हणून सपाट पक्क्या रस्त्याला लागताच दांडा सोडवावा. त्याच कारणाने पुढचा टायर झिजला म्हणून हाताला येईल त्या मापाचा घालू नये. मागे-पुढे जी जोडी कंपनीने ठरवली आहे, तीच ठेवावी.

जुना घ्यायचा असेल तर पाहणी इथूनच सुरू करा. पुढचे टायर मागच्यापेक्षा फारच गुळगुळीत असतील तर मालकाने रस्त्यावर दांडा जोडून चालवला आहे. पुढची बाजू जॅकवर उचलून चाक हाताने हलवा. खडखड झाली तर किंगपिन आणि बेअरिंग गेले. आसाखाली तेलाचे ओघळ पाहा. मग मऊ रानात दांडा जोडून चालवा आणि पुढची चाके खरोखर ओढतात का, ते खाली उतरून डोळ्यांनी बघा. पुढचा आस मोडला म्हणून दांडा कायमचा सोडून ठेवलेले ट्रॅक्टर फोर बाय फोरच्या भावाने विकले जातात. सुटा भाग तालुक्याला मिळतो का, हेही मिस्त्रीला विचारून घ्यावे.

सुरक्षेवर दोन शब्द. परदेशात शेतावर हिंडण्यासाठी मोटारसायकलसारख्या हँडलची, चार जाड टायरची गाडी वापरतात. ती उलटून इतकी माणसे दगावली की ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून अशी नवी शेतगाडी चालकाला वाचवणारी चौकट असल्याशिवाय विकता येत नाही. आपला लहान ट्रॅक्टरही असाच उलटतो. चारी चाकांचा जोर असला की माणूस अवघड बांधावर चढायला धजावतो, आणि मग ट्रॅक्टर आडवा होतो. मागची चाके रुतली असता वरच्या पिनेला साखळी बांधून ओढ दिली, तर पुढची बाजू उचलून ट्रॅक्टर मागे कोसळतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. ओढ नेहमी खालच्या दांड्यालाच द्यावी. आसनामागची संरक्षक कमान मागून घ्या, आणि कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधा. कमान नसलेल्या किंवा ती पाडलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्टा बांधू नये. बागेत फांद्यांसाठी कमान पाडावी लागते. बाहेर येताच उभी करावी. आणि पोरांना मडगार्डवर बसवून शेतात नेण्याची हौस कोणीही करू नये.

आता कागदपत्रे. अनुदान हवे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून आधी पूर्वसंमती घ्या, मगच खरेदी करा. आधी ट्रॅक्टर आणून मागून अर्ज करणाऱ्यांना हात हलवत परतावे लागते. जुन्या ट्रॅक्टरच्या आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सही करून घ्यावेत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचेही कागद मागावेत. नवा असेल तर ताबा घेताना तासांच्या मीटरचा आकडा बिलावर लिहून घ्या. पहिली सर्व्हिस साधारण पन्नास तासांना असते, आणि ती मोजणी तिथूनच सुरू होते.